साडेसातशेच्या गावाला बहात्तर हजारांचा फेरा

मुंबईहून वर्धा रेल्वेनं साधारण साडेसातशे किलोमीटर. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळच्या चहाला माणूस वर्ध्यात. पण मुंबईकडे गायलेला एखादा सूर टीव्हीवरून वर्ध्यात येतो, तेव्हा तो या वाटेनं येतच नाही. तो आधी वर जातो, विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, आणि मग तेवढाच खाली येतो. साडेसातशेच्या गावाला बहात्तर हजारांचा फेरा! आणि एवढ्या फेऱ्याला त्याला लागतो जेमतेम पाव सेकंद.

२००८च्या जुलैपासून २००९च्या फेब्रुवारीपर्यंत हा फेरा अख्ख्या महाराष्ट्राच्या रात्रीच्या जेवणाला बांधलेला होता. झी मराठीवरचं ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चं ते पर्व. आमच्याकडे सोयाबीनच्या डवरणीच्या दिवसांत सुरू झालं ते कापसाचे शेवटचे वेचे होईपर्यंत चाललं. सूत्रसंचालनाला पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटच्या फेरीत पाच मुलं होती: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि सगळ्यांत लहान अलिबागची मुग्धा वैशंपायन. ८ फेब्रुवारी २००९ला कार्तिकी जिंकली. विदर्भाचं या पाचांत कोणीच नव्हतं. सिंचन, रस्ते, नोकऱ्या यांच्या अनुशेषात आणखी एक भर, असं म्हणायला आमच्याकडे पूर्ण वाव होता. झालं मात्र उलटंच. आपल्या जिल्ह्याचं कोणी नाही म्हटल्यावर घराघरात वाटण्या झाल्या. आजी कार्तिकीच्या बाजूची, नात आर्याच्या, आणि मुग्धावर सगळ्यांचाच हक्क. त्यातच भारनियमनाचे दिवस. ऐन गाण्यात वीज गेली की ज्याच्याकडे इन्व्हर्टर त्याच्याकडे गल्ली गोळा व्हायची.

त्या कार्यक्रमातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गुण. ते आकड्यांत नव्हते, सुरांत होते. गाणं जमलं की ‘ध’, फार छान झालं की ‘नी’, आणि क्वचित कधी ‘वरचा सा’. ही शक्कल दिसते त्यापेक्षा खोल आहे. सूर म्हणजे हवेची थरथर, आणि ती मोजता येते. आपला सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर शुद्ध प येतो ३६०वर, ध ४००वर, नी ४५०वर आणि वरचा सा बरोबर दुप्पट, ४८०वर. म्हणजे ‘प’वरून ‘ध’ गाठायला ४० कंपनं, ‘ध’वरून ‘नी’ला ५०, आणि ‘नी’वरून ‘वरचा सा’ फक्त ३०. उत्तम आणि परिपूर्ण यांत अंतर सगळ्यांत कमी! गुणांची पट्टी बनवणाऱ्यानं हा हिशेब केला होता की नाही कोण जाणे. पण पोरांचे चेहरे बघून एवढं कळायचं की तेवढी तीस कंपनं चढायलाच जीव जातो.

आता तो फेरा. मूल माईकसमोर गातं तेव्हा माईकमधला पातळ पडदा त्याच्या आवाजाबरोबर थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. पुढे त्या विजेची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते. गाणं संपतं तेव्हा ते गाणं उरलेलंच नसतं, आकड्यांची प्रचंड मोठी रांग उरलेली असते. ही रांग जशीच्या तशी पाठवायची तर फार जागा लागेल. म्हणून एक चलाख काम होतं. ढोलकीची थाप पडते त्या क्षणी तिच्या आसपासचे बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत, मोठा आवाज त्यांना झाकून टाकतो. मग जे ऐकू येणार नाही ते पाठवायचंच कशाला? यंत्र ते सरळ गाळून टाकतं. आपण टीव्हीवर ऐकतो ते असं गाळीव गाणं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या सगळ्या दळण-चाळणीत मात्र वेळ जातो. अवकाशातला फेरा पाव सेकंदाचा, पण ‘थेट’ म्हणवणारा कार्यक्रम घरी काही सेकंद उशिराच पोचतो तो यामुळे.

वर जो उपग्रह बसलेला आहे त्याला बसलेला म्हणणं चूकच. तो सेकंदाला तीन किलोमीटरनं धावतोय. पण त्या उंचीवर एक प्रदक्षिणा पुरी करायला त्याला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून खालून बघणाऱ्याला तो जागच्या जागी टांगल्यासारखा असतो. हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या केबलवाल्यानं गच्चीवरची छत्री एकदा रोखली, नट आवळले, की वर्षानुवर्षं ती त्याच बिंदूकडे बघत राहते. आणि त्या छत्रीत पडतं किती? उपग्रहाच्या एका प्रसारण-यंत्राची ताकद जेमतेम घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. ती पसरत पसरत देशोदेशी सांडते. एका वॅटचे लाख कोटी भाग केले तर त्यातले मोजके भाग त्या दहा फुटी जाळीच्या वाट्याला येतात. एवढ्याशा धगीतून कार्तिकीचा आवाज, तिच्या फ्रॉकचा रंग आणि मधल्या साबणाच्या जाहिराती, सगळं निघतं!

केबलवाले आणखी एक गोष्ट जाणून असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस असे येतात की ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटं चित्राला मुंग्या येतात. लोक फोन करून भांडतात. दोष कोणाचाच नसतो. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो, आणि छत्री सूर्याकडेच बघत असते. उपग्रहाचं कुजबुजणं सूर्याच्या गोंगाटात बुडून जातं.

पाव सेकंद म्हणजे किती हे समजून घ्यायला दूर जायला नको. वर्धा जिल्ह्याच्या गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या खंजिरी भजन स्पर्धा होतात. मंडळाचे संस्थापक तुकडोजी महाराजांनी, म्हणजे यावलीच्या माणिक इंगळे यांनी, एका हातात मावणाऱ्या त्या वाद्यावर माणसं हलवली. महाराज १९६८ साली गेले, खंजिरी थांबली नाही. मंडप, सतरंज्या, पुरुषांची, महिलांची, बालगोपाळांची भजनी मंडळं, आणि कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसलेले परीक्षक. टीव्ही नाही, पण ‘पर्व’ दरवर्षी. आता बघा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. पाव सेकंदात ८५ मीटर. म्हणजे भोंगा बंद असताना मंचापासून ८५ मीटरवर उभ्या माणसाला खंजिरीची थाप ऐकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात टीव्हीचा सूर उपग्रहाला शिवून परत येतो. हवेतला आवाज पायी चालतो म्हणायचं, दुसरं काय.

सूर तर आला. आता मत परत पाठवायचं.

ते पर्व बटणांच्या फोनचं होतं. स्पर्धकाचं नाव किंवा खूण रोमन अक्षरांत टाइप करायची आणि पाच आकडी क्रमांकाला एसएमएस धाडायचा. नेहमीच्या एसएमएसपेक्षा तो महाग. त्यातला वाटा कंपनीला आणि वाहिनीला जायचा, त्यामुळे ‘जनतेचा कौल’ हा शब्द मला तेव्हाही थोडा खटकायचा. मतपेटीत एका माणसाला एक मत असतं, इथे जितका बॅलन्स तितकी मतं. पण एसएमएस स्वतः मात्र थक्क करणारी चीज आहे. फोनवर बोलताना आवाजासाठी एक वाट राखून ठेवावी लागते. एसएमएसला ती वाट लागतच नाही. फोन खिशात गप्प असला तरी टॉवरशी अधूनमधून ‘मी इथे आहे’ असं बोलत असतो, कॉल येणार असेल तर टॉवर त्याला हाक मारतो. या कामकाजाच्या बोलण्यात जी जागा रिकामी असते तिच्यात संदेश बसवून दिला, इतकंच. आर्वीची एसटी वर्ध्याला तशीही निघणारच असते, तिच्यात कंडक्टरच्या हाती पोराचा डबा द्यावा तसं.

जागा रिकामी पण चिमूटभर, १४० बाइट. रोमन अक्षरं साध्या पद्धतीनं भरली तर १६० मावतात, देवनागरी भरली तर ७०च. एकशे साठ हा आकडा आला कुठून? फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९८५ साली बॉनमधल्या घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप केली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसत होती. झालं, जगाची मर्यादा ठरली. आणि महाअंतिम फेरीच्या रात्री सगळ्यांनी एकदमच बटण दाबलं तर? तर संदेश हरवत नाहीत, रांगेत थांबतात. मधलं एक केंद्र ते साठवून ठेवतं आणि जागा मिळेल तसतसे पुढे पाठवतं. देवळीच्या आजीनं नातवाकडून धाडलेलं मत पोचायला सुरापेक्षा जास्त वेळ घेतं, पण पोचतं.

अशा स्पर्धा आपण परदेशातून उचलल्या असं सर्रास म्हटलं जातं. ‘इंडियन आयडॉल’पुरतं ते खरं आहे, ब्रिटनचं ‘पॉप आयडॉल’ २००१चं आणि आपलं २००४चं. पण झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ १९९५ सालीच सुरू झालं होतं, सोनू निगम निवेदन करायचा. त्या ब्रिटिश घराण्याची दुसरी शाखा अरब देशांत गेली. एमबीसी वाहिनीच्या ‘अरब आयडॉल’चं दुसरं पर्व २०१३ साली बैरुतमध्ये रंगलं आणि २२ जूनला गाझातल्या खान युनिसच्या निर्वासित छावणीतला मोहम्मद असाफ जिंकला. हा मुलगा सीमा ओलांडून इजिप्तमध्ये चाचणीला पोचेपर्यंत दारं बंद झाली होती. तो भिंतीवरून उडी मारून आत शिरला, तर क्रमांक संपलेले. आत बसलेल्या दुसऱ्या एका पॅलेस्टिनी स्पर्धकानं त्याचं गाणं ऐकलं आणि स्वतःचा क्रमांक त्याला देऊन टाकला. आपल्या एखाद्या मालिकेत हे दाखवलं असतं तर आपण ‘काहीही हं’ म्हणून चॅनेल बदललं असतं.

पण असाफचं गाणं आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला ऐकवलं तर तो एखाद्या जागी मान हलवायचा थांबेल. गंधार ‘लागला नाही’ म्हणेल. आपल्या २४०च्या सा-ला कोमल गंधार २८८वर, शुद्ध गंधार ३००वर. अरबी संगीतात ‘रास्त’ नावाचा एक मक़ाम आहे, मक़ाम म्हणजे ढोबळ मानानं आपल्या रागाचा चुलतभाऊ. त्याचा गंधार या दोहोंच्या मधोमध, २९४च्या आसपास. कोमल नाही, शुद्ध नाही. पेटीच्या कोणत्याही पट्टीत तो नाही. बगदादमध्ये हारून अल-रशीदच्या दरबारी झलझल नावाचा ऊदवादक होता, आठव्या शतकातला. ऊदच्या तारेवर या मधल्या सुरासाठी बोट जिथे पडतं त्या जागेला अरब पंडितांनी त्याचंच नाव दिलं. म्हणजे आपल्याकडे ज्याला परीक्षकानं ‘बेसूर’ म्हणून खाली उतरवलं असतं, त्या सुराला तिकडे बाराशे वर्षांची वंशावळ आहे. अरब आयडॉलच्या परीक्षकांत रागेब अलामा आणि नॅन्सी अजराम बसत. गाणारा तिथे शुद्ध गंधाराकडे सरकला तर त्यांच्या भुवया उंचावणार.

अरबी आवाज कानात घोटून बसवणारा एक माणूस वर्धा जिल्ह्यात होऊन गेला, तोही टीव्हीच्या कितीतरी आधी. पवनारला धाम नदीकाठी राहणारे विनोबा भावे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुराण मुळातून वाचायला घेतलं. अर्थ पुस्तकातून कळेल, पण घशाच्या तळातून येणारा ‘क़’ आणि त्याहून अवघड ‘ऐन’ पुस्तकातून कसा कळणार? त्यांनी रेडिओवरचं कुराणपठण लक्ष देऊन ऐकलं आणि उच्चार घासून घेतले. कुराणपठणाला मुसलमान गाणं म्हणत नाहीत, पण कुठे थांबायचं, कोणतं अक्षर किती लांबवायचं याचे त्याचे नियम कोणत्याही गायकाला घाम फोडतील असे आहेत. त्या काळी लांबून येणारा रेडिओ शॉर्टवेव्हवरचा असे. त्याला उपग्रह नव्हता, पण छत होतं. जमिनीपासून काहीशे किलोमीटरवर सूर्यकिरणांनी विद्युतभारित केलेला हवेचा विरळ थर आहे. त्याच्यावर आपटून लहरी खाली येतात, पुन्हा वर जातात, पुन्हा खाली. सुराचा फेरा तेव्हा छोटा होता, टप्पे खात येणारा, मध्येच विरणारा.

पुढे मौलाना अबुल कलाम आझाद गांधीजींकडे आले असताना गांधीजींनी विनोबांना त्यांच्यासमोर कुराण म्हणायला सांगितलं. मौलानांचा जन्म मक्केचा, आई अरब घराण्यातली. विनोबांनी म्हणून दाखवलं आणि त्यांचे उच्चार ऐकून मौलाना चकित झाले. विनोबांनी केलेली कुराणातल्या आयतांची निवड ‘कुराण-सार’ नावानं १९६२ साली छापून निघाली.