आरएक्स १००: स्क्रू पिळण्याआधी हे बघा

वारणानगर-कोडोली पट्ट्यात कुणाकडे जुनी यामाहा आरएक्स १०० असेल, तर ही पोस्ट त्यांच्यासाठी. १९८५ साली आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक. 'स्लो धरत नाही' म्हटलं की लोक थेट स्क्रू पिळायला लागतात. थांबा जरा.

आधी चोक ओढून बघा. त्यावर गाडी बरी चालली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा जादा हवा घुसतेय. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला बऱ्याचदा बारीक चीर असते. चालू गाडीवर तिथे पाण्याचा फवारा मारा. स्लो बदलला तर चोर सापडला.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर कार्बोरेटरचा बाऊल खोलाच. पेट्रोलमधलं इथेनॉल (आपल्याच उसाचं!) ओलावा ओढतं, तळाशी पाणी साठतं, पायलट जेट चोंदतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या.

आता ट्यूनिंग. इंजिन गरम करा. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड फेरा बाहेर. तिथून थोडा थोडा फिरवत रेस सर्वात चढेल तिथे सोडा आणि स्लोच्या स्क्रूने खाली आणा. या गाडीत एअर स्क्रू आत गेला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांत नेमकं उलट.

अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल कमी पडून अडखळली तर कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या. पन्हाळ्याच्या चढावर फुल थ्रॉटल देऊन प्लग तपासा. पांढराफटक दिसला तर मेन जेट बघा, नाहीतर पिस्टन जाम होईल.