सपाट रस्ता, उलटा वारा

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी हा विषय मी दहावीपर्यंत 'उरकला'. शिकले असं म्हणता येणार नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी निमूटपणे सुधारून घ्याव्यात. विषय मात्र माझा आहे, त्यात कोणी हात घालायचा नाही! विषय आहे सायकल.

माझं गाव वसई. आमच्याकडे गिरीज, निर्मळ, आगाशी, अर्नाळा असं किनाऱ्याकिनाऱ्याने कितीही फिरा, चढ म्हणून लागत नाही. वाडीतल्या आज्यासुद्धा सायकलवर फुलं घेऊन जाताना मी पाहिल्यात. तळेगावला अ‍ॅडमिशन झाली तेव्हा बाबा म्हणाले, "सायकल कशाला नेतेस? तिकडे सगळा डोंगर." गाडी खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना मलाही ते पटलं होतं. पण तरी सायकल आणली. आणि एक सेमिस्टर संपायच्या आत लक्षात आलं की डोंगर असतो बाजूला, रस्ता असतो नदीच्या काठाने.

हे जरा आकड्यांत बघा. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, पुणे साधारण ५६० मीटरवर. दोन्ही स्टेशनांमधलं अंतर ६४ किलोमीटर. म्हणजे सरासरी उतार किलोमीटरला एक मीटर! एवढा उतार डोळ्याला दिसतच नाही. घाट चढून वर आलं की जमीन पूर्वेकडे हळूहळू कलत जाते, आणि तिच्यावरून इंद्रायणी लोणावळ्याकडून कार्ला, कामशेत, इंदुरी, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. दुसरा पुरावा हवा असेल तर पावसाळ्यात कान्ह्याच्या आजूबाजूला जाऊन भाताची खाचरं बघा. पाणी उभं राहतं तिथेच भात लावतात, आणि पाणी उभं राहायला जमीन सपाट लागते. (मेसमध्ये आपण ज्याला 'चिकट भात' म्हणून नावं ठेवतो तो इंद्रायणी तांदूळ इथल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला आहे. मेसवाल्या मावशी तो जास्त शिजवतात, त्यात तांदळाचा काय दोष?)

आपलं तळेगाव मात्र इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर बसलं आहे. म्हणून कुठेही गेलात तरी जाताना उतार आणि घरी येताना चढ. दमलेले असताना चढ! हे एकच दुःख लक्षात ठेवायचं, बाकी सगळं सपाट.

आता खरा मुद्दा. सपाट रस्त्यावर सायकल चालवणं सोपं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मग सेकंड इयरच्या जुलैमध्ये वडगावकडे निघाले, आणि लिंब फाटा ओलांडल्यावर असं वाटलं की मागून कोणीतरी कॅरिअर धरून ठेवलंय. दोनदा उतरून ब्रेक घासतोय का ते बघितलं. ब्रेक बरोबर होता. घासत होता तो वारा.

हॉस्टेलवर परत येऊन मी आणि माझ्या मेकॅनिकलच्या रूममेटने फ्लुइड मेकॅनिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण सगळे परीक्षेत लिहितो. पण वेग कुठला? रस्त्याशी असलेला नव्हे, हवेशी असलेला. मी आणि सायकल मिळून ८५ किलो (यातलं माझं किती ते विचारू नये), ताठ बसायची साधी सायकल, वेग ताशी २० किलोमीटर. वारा नसेल तर साधारण ९५ वॉट लागतात. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला, म्हणजे झाडाची पानं हलतील इतपतच, की तोच वेग ठेवायला जवळजवळ १६५ वॉट लागतात. आणि तोच वारा पाठीमागून असेल तर ५० च्या आसपास. समोरच्या वाऱ्याने जे ७० वॉट वाढले, तेवढेच वॉट दर शंभर मीटरला दीड मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वाढतात. थोडक्यात, नकाशावर न दिसणारा चढ म्हणजे वारा. आणि चढ कधीतरी संपतो तरी, वारा काही संपत नाही.

साध्या सायकलला गिअर नसतात, म्हणून हे जास्त जाणवतं. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकीला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतात. वारा समोर आला की गिअरवाला गिअर कमी करतो आणि पाय त्याच लयीत फिरवतो. आपल्याला ती सोय नाही, आपला वेगही जातो आणि लयही. हॉलंडमध्ये, जिथे सगळा देशच सपाट, यावर चक्क स्पर्धा घेतात. २०१३ पासून समुद्रावरच्या एका मोठ्या बांधावर, वादळी वारा असेल त्याच दिवशी, वाऱ्याच्या विरुद्ध साडेआठ किलोमीटर. आणि सायकल कोणती, तर साधी, बिनगिअरची, ताठ बसायची! म्हणजे आपण जुलैमध्ये जे करतो तेच, फक्त त्यांना मेडल मिळतं.

यावरून रूट ठरवायचा सोपा नियम निघतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. उन्हाळ्यातही दुपारनंतर तो तिकडूनच सुटतो. (आमच्या वसईचाच वारा तो, घाट चढून मला भेटायला येतो असं मी समजते.) म्हणून या दिवसांत आधी पश्चिमेला जायचं. ताज्या पायांनी वाऱ्याशी भांडायचं आणि परतताना तोच पाठीवर घ्यायचा.

पश्चिमेचा रस्ता म्हणजे वडगाव, कान्हे फाटा, आणि उजवीकडे वळून इंद्रायणी ओलांडली की टाकवे. कान्हे फाट्यापर्यंत जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, तिथे कडेच्या पट्ट्यातूनच चालवायचं. (एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तो विचारही नको.) वडगावला थांबून जरा इतिहासही बघा. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली होती. मराठ्यांनी पुढचं धान्य-वैरण जाळून टाकलेलं. फौज मागे फिरली आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला गाठलं, तह करायला लावला. फौजेला सुद्धा परतीचाच रस्ता जड गेला, हे वाचून मला तळेगावचा चढ आठवला. टाकव्याच्या पुढे आंदर मावळ सुरू होतो. आमच्या गेटवरचे वॉचमन काका तिकडचेच. "पोरी, पुढे चढ हाय, टाकव्याला चहा पी आन माघारी फिर," हा त्यांचा सल्ला मी एकदा मोडला होता. परत मोडणार नाही.

पूर्वेचा रस्ता नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. तेव्हा सकाळी वारा पडलेला असतो आणि नदीवर धुकं असतं. तळेगावहून उतरून इंदुरी, तिथे सरसेनापती दाभाड्यांचा नदीकाठचा किल्ला, पुढे उजवीकडे येलवाडीला फुटायचं आणि पूल ओलांडून देहू. देहूहून तळवड्याकडून आळंदी साधारण १५ किलोमीटर. दम असेल तर मरकळवरून थेट तुळापूरच्या संगमापर्यंत जाता येतं. मी अजून आळंदीच्या पुढे गेलेले नाही. देहूतूनच परतायचं असेल तर देहूरोडला जुन्या रस्त्याला लागून सोमाटण्याची खिंड चढून यायचं. ही खिंड म्हणजे मघाशी सांगितलेलं दुःख.

आता जे लिहायचं म्हणून हा लेख घेतला ते. इंदुरीकडचा हा रस्ता म्हणजे तळेगाव-चाकण रस्ता. सगळ्या एमआयडीसीचे कंटेनर याच रस्त्याने जातात. मोठा कंटेनर अगदी जवळून पुढे गेला की त्याच्या तोंडाची हवा आधी तुम्हाला बाहेर ढकलते, आणि तो निम्मा पुढे सरकला की बाजूची हवा आत ओढते. बाहेर ढकलल्यावर माणूस नकळत आत झुकतो, आणि नेमकं तेव्हाच आत ओढलं जातं. माझं गेल्या वर्षी असंच झालं. मी हँडल उलटं वळवलं आणि कडेच्या खडीत पडले. गुडघ्याला चार टाके. चाकाखाली गेले नाही, यात माझी काही हुशारी नव्हती. तेव्हा इंदुरीचा रस्ता फक्त रविवारी, उजाडल्या उजाडल्या. शिफ्ट सुटायच्या वेळी तर नकोच. मागून आवाज आला की हँडल सैल पण सरळ धरा, पायडल मारत राहा, आणि गाडी पूर्ण पुढे जाईपर्यंत मागे वळून बघू नका.

हा रस्ता टाळायला फर्स्ट इयरला आम्ही एक 'शॉर्टकट' शोधला होता. बेगडेवाडीच्या बाजूने शेलारवाडीला जायचं आणि कुंडमळ्याच्या लोखंडी पुलावरून पलीकडे इंदुरीच्या हद्दीत. खाली बेसॉल्टमध्ये पाण्याने कोरलेले रांजणखळगे, वर अरुंद पूल. फार सुंदर जागा. पूल धोकादायक असल्याची पाटी होती. मी ती वाचली होती आणि सायकल हातात धरून दोनदा पलीकडे गेले होते. १५ जून २०२५ ला, रविवारी दुपारी, तो पूल कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी झाली. पुलावर पर्यटकांची गर्दी होती, त्यात दुचाकीही होत्या. माझी सिव्हिलची मैत्रीण म्हणाली, शंभर माणसं म्हणजे सहा टन. ट्रक असता तर कोणीही घाबरून थांबवला असता, माणसांचं वजन कोणाला दिसत नाही. सुट्टीत घरी टीव्हीवर मी ती बातमी बघत होते. आईने विचारलं, "तुमच्या जवळच ना गं हे?" मी हो म्हटलं. दोनदा गेले होते ते अजून सांगितलेलं नाही. (आई, हा अंक घरी आला तर आधी गुडघ्याचा पॅरा वाच, मग हा.)

तेव्हा नदी ओलांडायची असेल तर वाहनांच्या पक्क्या पुलावरूनच, चार किलोमीटर जास्त पडले तरी. पूल बंद असेल तर माघारी.

हवा भरायचा पंप वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवलाय, वापरल्यावर परत तिथेच ठेवा. निघताना रजिस्टरमध्ये नुसतं 'सायकलिंग' लिहू नका, कुठल्या रस्त्याने जाताय ते लिहा. मी पडले त्या दिवशी रेक्टर मॅडमनी जुन्या रस्त्याला वडगावपर्यंत माणूस पाठवला होता, आणि मी होते इंदुरीला.