लेखकाची सही आणि नवी माध्यमे

हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती दिले आणि करारावर सही केली, म्हणजे व्यवहार संपला, असा समज लेखकवर्गात पुष्कळ दिवस रूढ होता. छापील पुस्तकाच्या काळात तो फारसा नडलाही नाही. आज मात्र तेच पुस्तक पडद्यावर वाचले जाते आणि कानांनी ऐकलेही जाते. मग या नव्या उत्पन्नाचा धनी कोण?

1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेली दुरुस्ती येथे लेखकाच्या साह्यास येते. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्याचे हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत. शिवाय मुदत लिहिलेली नसल्यास हस्तांतर 5 वर्षांचेच मानले जाते.

परंतु ई-पुस्तक व श्राव्य पुस्तक ही आता रुळलेली माध्यमे होत. आजच्या करारात त्यांना हे संरक्षण लाभत नाही. म्हणून प्रत्येक माध्यमाचा हक्क, मुदत आणि मोबदला स्वतंत्र कलमांत लिहून घेणे श्रेयस्कर. ग्रंथावरील हक्क लेखकाच्या निधनानंतरही 60 वर्षे टिकतो. तो गमावण्यास मात्र न वाचता केलेली एक सही पुरते.