'डबल ॲक्ट' म्हणजे 'डबल रोल' नव्हे

दोन नेते, दोन खेळाडू किंवा दोन कलावंत यांच्याविषयी लिहिताना इंग्रजी वृत्तपत्रे 'डबल ॲक्ट' हा वाक्प्रचार सर्रास वापरतात. मराठीत आणताना त्याची 'दुहेरी भूमिका' केली, की घात होतो. दुहेरी भूमिका म्हटली की मराठी वाचकाला एक तर 'राम और श्याम'मधील (१९६७) दिलीपकुमार आठवतो, नाही तर ओठांत एक आणि पोटात एक असलेला माणूस. ज्या दोघांच्या मेळाची प्रशंसा करायची, त्यांच्यावरच दुटप्पीपणाचा आळ येतो.

या वाक्प्रचाराचे मूळ रंगमंचावरचे. ब्रिटनमधील 'म्युझिक हॉल'च्या खेळांत गायक, जादूगार, विदूषक एकामागून एक येत. प्रत्येकाचा स्वतंत्र कार्यक्रम म्हणजे 'ॲक्ट'. तो दोघांनी मिळून सादर केला, की 'डबल ॲक्ट'. त्यात बहुधा एक जण गंभीर, तर दुसरा वेंधळा. टाळ्या वेंधळ्याला मिळतात, पण त्याच्यासाठी जागा निर्माण करतो तो गंभीर. मराठी प्रेक्षकांनी ज्यांना 'जाड्या-रड्या' म्हटले, ते लॉरेल आणि हार्डी याच परंपरेतले. तमाशाच्या वगातही सोंगाड्याची उलट उत्तरे रंगतात, ती समोरचा राजा चेहरा गंभीर ठेवून प्रश्न विचारतो म्हणूनच.

ठाणे परिसरातील वाचकाची गफलत होण्यास आणखी एक कारण आहे. कोकणातील चाकरमान्यांनी आपल्याबरोबर डबलबारीची भजनेही आणली. गणेशोत्सवात बाळकुम नाक्यावर 'डबलबारी'चा फलक दिसला, तर त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही: दोन बुवा, दोन संच आणि आळीपाळीने रंगणारा सामना. तेथील 'डबल' चढाओढीचा आहे. 'डबल ॲक्ट'मधील भागीदारीचा.

मग मराठीत काय म्हणावे? विनोदी जोडीसाठी 'जोडगोळी' हा अस्सल शब्द हाताशी आहे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना तो चपखल बसतो. संगीतात 'जुगलबंदी' चालेल. 'संगीत मंदारमाला'त (१९६३) पं. राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी गाजली. ज्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत महोत्सव भरवत आली, तेच हे राम मराठे. मात्र वृत्तपत्रांनीच 'शाब्दिक जुगलबंदी' असे मथळे देऊन या शब्दाला भांडणाचा वास लावला आहे, त्यामुळे तो जपून वापरलेला बरा.

राजकारणातील 'डबल ॲक्ट'ला कधी कधी तिरकस छटा असते. एकाने धमकावायचे, दुसऱ्याने समजूत काढायची आणि दोघांनी मिळून काम साधून घ्यायचे. अशा ठिकाणी 'जोडगोळी' तोकडी पडते. त्यासाठी मराठीत जुनीच म्हण आहे: तू मारल्यासारखे कर, मी रडल्यासारखे करतो.