ना खटला, ना शिक्षा, तरी तुरुंग! नातू बंधूंपासून रौलट कायद्यापर्यंत

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरकारने धरपकड सुरू केली. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. पाठोपाठ पुण्यातले सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या भावांनाही पकडण्यात आलं.

टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोप काय ते जगाला कळलं, वकिलांनी बाजू मांडली आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंवर मात्र खटलाच भरला गेला नाही. गुन्हा काय आणि सुटका कधी, हे दोन्ही सरकारच्या मर्जीवर!

हे कसं शक्य झालं?

कंपनी सरकारच्या काळातल्या, १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनमुळे. त्यानुसार मुंबई इलाख्यात कोणालाही 'राजबंदी' म्हणून कोर्टात उभं न करता डांबता येत असे. बंगालमध्ये १८१८ चं आणि मद्रासमध्ये १८१९ चं असंच रेग्युलेशन होतं.

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे या जुन्या रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठला. राष्ट्रीय नेत्यांचं म्हणणं साधं होतं: पुरावा असेल तर खटला भरा, नसेल तर सोडा.

सरकारने ऐकलं नाही. १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजित सिंग यांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली थेट मंडालेला पाठवलं गेलं.

मग आला रौलट कायदा

मार्च १९१९ मध्ये कायदेमंडळातल्या भारतीय सदस्यांचा विरोध डावलून हा कायदा मंजूर झाला. आता विनाखटला दोन वर्षांपर्यंत स्थानबद्ध करता येणार होतं. लोकांनी त्याचं वर्णन केलं, 'ना वकील, ना दलील, ना अपील'. जिना आणि मदनमोहन मालवीय यांनी राजीनामे दिले. गांधीजींनी ६ एप्रिलला देशभर हरताळाची हाक दिली.

१० एप्रिलला अमृतसरमध्ये डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू यांना पकडून शहराबाहेर नेलं. त्याच्या निषेधार्थ १३ एप्रिलला जालियनवाला बागेत सभा भरली. पुढचा गोळीबार सगळ्यांना माहीत आहे.

रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, पण विनाखटला स्थानबद्धता संपली नाही. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतलं कलम २२ तिला काही अटींसह परवानगी देतं. त्यामुळे नातू बंधूंच्या वेळचा प्रश्न आजही विचारावा लागतो: गुन्हा सिद्ध होण्याआधी माणसाला किती काळ कोंडून ठेवायचं?