लेखनाधिकाराची किल्ली

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारीं माणसें आपलें काम गिटहबसारख्या सामायिक भांडारांत ठेवतात. भांडार सार्वजनिक असेल तर तें कोणीहि वाचावें. परंतु त्यांतील एक अक्षर बदलावयाचें झालें कीं ओळख पटवावी लागते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबनें या कामीं खात्याचा साधा परवलीचा शब्द घेणें बंद केलें, आणि पुष्कळांनीं एसएसएचची वाट धरली.

ही पद्धति फिनलंडच्या तातू युलोनेन यांनीं १९९५ सालीं निर्माण केली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत परवलीचे शब्द चोरले गेले, हें तिचें निमित्त. तींत किल्ल्यांची जोडी असते. पण ‘किल्ली’ हा शब्द थोडा फसवा आहे. सार्वजनिक भाग कुलुपासारखा, तो भांडाराच्या दारावर नोंदवावयाचा. खाजगी भाग आपल्या यंत्रांतच राहतो. यंत्र त्यानें सही करतें, आणि दारावरचा भाग ती पडताळून पाहतो. गुपित तारेवरून जातच नाहीं, मग तें वाटेंत चोरणार कोण?

आतां दार उघडलें नाहीं तर काय करावें? पहिल्या नकारासरशीं नवी किल्ली घडविण्याची घाई मला अनाठायीं वाटते. आधीं नकार नीट वाचावा. ‘परमिशन डिनाइड’ आणि पुढें कंसांत ‘पब्लिककी’ एवढेंच उत्तर आलें, तर द्वारपालानें आपणांस ओळखलेंच नाहीं: सार्वजनिक भाग नोंदलेला नसेल, किंवा यंत्रानें योग्य किल्ली पुढें केली नसेल. खाजगी भागाची फाइल इतरांनाहि वाचतां येत असेल, तर एसएसएच ती वापरण्यास साफ नकार देतें. पण ‘अमुक भांडाराची परवानगी तमुकास नाहीं’ असें उत्तर असेल, तर किल्ली चालली आहे. उणीव अधिकाराची आहे. तो ‘तमुक’ कोण, हें पाहावें. नांव आपल्याच दुसऱ्या खात्याचें निघालें, तर यंत्रानें भलतीच किल्ली दाखविली. नांव बरोबर असेल, तर भांडाराच्या मालकाकडे लेखनाधिकार मागावा. एकाच भांडारास जोडलेली ‘डिप्लॉय’ किल्ली तर मुळांत वाचनापुरतीच असते. लेखनाची मुभा तिला मुद्दाम द्यावी लागते.

एक गोष्ट हमखास नजरेआड होते. भांडाराचा पत्ता ‘एचटीटीपीएस’नें आरंभ होत असेल, तर एसएसएच किल्ली कोणी विचारीतच नाहीं.

कधीं शंका उलट बाजूची असते. २४ मार्च २०२३ रोजीं गिटहबनें स्वतःची आरएसए किल्ली बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक भांडारांत उघडा पडला होता. तेव्हां जुनी ओळख जपून ठेवणाऱ्या यंत्रांनीं धोक्याचा इशारा दिला. असा इशारा आल्यास तो पुसून टाकण्यापूर्वीं गिटहबनें प्रसिद्ध केलेला ठसा ताडून पाहावा.

मदत मागतांना पाठवावयाची ती ‘डॉट पब’नें संपणारी फाइल. घाईंत दुसरी गेली असेल, तर ती जोडी तत्काळ रद्द करावी. नवी किल्ली घडविण्याची खरी वेळ ती.