विकण्याचा हक्क, न विकण्याचाही

तेंदूपानावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि विडीवरचा २८ वरून १८ वर आणण्याचे ठरले. कपातीचे स्वागत करायला हरकत नाही. पण दिलासा कुणाला मिळणार, हे पान कोण विकतो यावर ठरते. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने आपल्याकडे घेतला. जंगलाचे गट पाडून लिलाव करायचा, ठेकेदाराने पुडे मोजून घ्यायचे आणि पहाटेपासून पान तोडणाऱ्याच्या हातावर मजुरी ठेवायची, अशी ही रीत. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणारी बाई त्यात मजूरच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मोह यांची मालकी गावाकडे आली आणि गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पुढे स्वतःच लिलाव करू लागल्या. तिथे करकपातीतला काही वाटा बोलीत उतरू शकेल. बाकी ठिकाणी तो ठेकेदाराच्या खिशात जिरेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

कराचा हिशेब बाजूला ठेवला तरी विक्रीचा हक्क महत्त्वाचाच राहतो, कारण ज्याला विकता येते त्यालाच नकार देता येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबूची विक्री सुरू केली, लोकांना गावातच काम मिळाले. तेंदू मात्र तोडायचाच नाही, असे ग्रामसभेने ठरवले. ऐन उन्हाळ्यात, हाताला दुसरे काम नसताना, थोड्या दिवसांत रोख पैसा देणारे हे पीक. ते नाकारण्याची कारणे गावाला पाठ होती: भरपूर कोवळी पाने फुटावीत म्हणून झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात आणि पाखरांच्या वाट्याची टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, धरतच नाहीत. हंगाम संपला की ज्याचा जंगलाशी संबंध संपतो, त्या ठेकेदाराने असा निर्णय घेणे शक्य नव्हते. महसुलाचे उद्दिष्ट डोक्यावर असलेल्या वनखात्यालाही तो सुचला नसता.

गावाच्या हाती दिले तर चार पैशांसाठी जंगल साफ होईल, ही भीती जुनी आहे. तिला उत्तर म्हणून पाचगावचे खंदे पुरस्कर्ते, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचेच एक जुने काम आठवावे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधला बांबू का संपत चालला, याचा त्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनामागे दीड रुपया अशा दराने बांबू देत आले होते. बुरुडाला त्याच बांबूसाठी कैक पट मोजावे लागत. शिवाय शास्त्रीय व्यवस्थापन म्हणून बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण काढले जाई. काटे गेले की कोवळे कोंब गुरे खातात, असे गावकरी सांगत. पाहणीत गावकरी बरोबर निघाले. फुकटात मिळणारे कुणी जपून वापरत नाही, मग तो गावकरी असो की गिरणीमालक. फरक इतकाच की गिरणीला दुसऱ्या जंगलात जाता येते. सगळ्या ग्रामसभा पाचगावसारख्या वागतील, असे मात्र कुणी समजू नये. बरीच गावे तेंदू विकतात, आणि त्यांना नाक मुरडण्याचा अधिकार शहरातल्या निसर्गप्रेमींना नाही.

खरा आक्षेप बाजाराचा आहे. २०१७ च्या हंगामात चढलेले तेंदूचे भाव पुढच्याच वर्षी कोसळले. ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी तर नव्या नाहीत. त्यात विडीचा धंदा, म्हणजे माणसाच्या फुफ्फुसावर चालणारा. त्यावर जंगलाचे भवितव्य टांगणे शहाणपणाचे नाही, आणि करकपात नेमकी त्याच धंद्याला टेकू देते. पण म्हणून ग्रामसभेला व्यापार जमत नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळायला कायद्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ लागला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. इतकी वर्षे दारच अडवायचे आणि मग चालता येत नाही म्हणायचे, असा हा प्रकार. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारून ठेकेदाराशी एकत्र बोलायला सुरुवात केली. अशा महाग्रामसभेला हवे ते गोदाम, हिशेबनीस आणि हंगामापुरते खेळते भांडवल. भाव पडला तर माल वर्षभर राखून ठेवता आला पाहिजे, किंवा त्या वर्षी पान झाडावरच सोडून देता आले पाहिजे. जीएसटीच्या दरात यातले काहीही येत नाही.